तिसरा समझोता लिहिण्याआधी

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इतरांनाही कळावा म्हणून थोडक्यात सांगतो. दाभोळ खाडीच्या काठचं गाव, चार वाड्या, एकच नळपाणी योजना. खालच्या वाडीला पाणी पुरत नाही यावरून नऊ वर्षांपूर्वी वाजलं. मग शिमग्यात पालखी त्या वाडीत जायची थांबली. मग मुंबईला गेलेल्या गावकऱ्यांचं मुंबई मंडळ फुटलं. तंटामुक्त समितीने दोनदा समझोता लिहून घेतला आणि दोन्ही वेळा पुढच्याच उन्हाळ्यात तो मोडला. आता तुम्ही सरपंच झालात, एका शिबिरात ‘कॉम्प्लेक्सिटी थिअरी’ (एकमेकांवर परिणाम करणाऱ्या अनेक घटकांची व्यवस्था कशी वागते याचा अभ्यास) कानावर पडली, आणि तुम्ही विचारताय की याचा गावातल्या न्यायासाठी काही उपयोग आहे, की हा नुसता शिबिरातला शब्द? शिवाय, यात खरा दोषी कोण हे कसं ओळखायचं?

मी आधी दिवाणी कोर्टात वकिली केली आणि गेली बावीस वर्षं राजापूरपासून दापोलीपर्यंत गावकीच्या, भावकीच्या, वहिवाटीच्या भांडणांत मध्ये बसतोय. त्यामुळे पुस्तकी उत्तर माझ्याकडून येणार नाही. उपयोग आहे, पण शिबिरात सांगतात तसा नाही. ही थिअरी तोडगा देत नाही. कुठे बघायचं ते सांगते. (शोधताना घोळ होऊ नये म्हणून सांगतो, संगणकशास्त्रात याच नावाची वेगळी शाखा आहे. गणित सोडवायला किती पायऱ्या लागतील याचा ती अभ्यास करते. तिचा इथे संबंध नाही.)

होडीचं इंजिन किचकट असतं. बंद पडलं की हर्णै बंदरातला मिस्त्री ते खोलतो, बिघडलेला पार्ट बदलतो, परत बसवतो. मागच्या खेपेला कोणी खोललं होतं, त्याने काय सुनावलं होतं, हे इंजिन मनात धरत नाही. गाव धरतं. तुम्ही एक वाडी दुरुस्त करायला जाता तेव्हा बाकीच्या तीन तुमच्याकडे बघत असतात आणि बघता बघता स्वतः बदलत असतात. वॉरन वीव्हर या अमेरिकन गणितज्ञाने १९४८ साली हा फरक फार सोप्या तऱ्हेने मांडला. काही प्रश्नांत दोन-चारच गोष्टी असतात, तिथे हिशेब जमतो. काहींत लाखो कण असतात, तिथे सरासरीवर भागतं. मधले प्रश्न अवघड, कारण तिथे घटक मोजके असले तरी प्रत्येकाचा पाय दुसऱ्यात अडकलेला असतो. शंभर-सव्वाशे घरांचं गाव हा मधला प्रश्न. सरासरी काढायला घरं कमी, आणि एकेका घराला समजावत बसायला जास्त.

आता एक प्रत्यक्ष प्रकरण सांगतो, कारण तुमचं गाव मला त्याच वळणाचं वाटतंय.

राजापूरकडचं एक गाव. टाकी सड्यावर. तिथून पाइप उतरत वरची वाडी, मग मधली, मग एक लहानसा चढ चढून पलीकडे शेवटची वाडी. शेवटच्या वाडीचं म्हणणं, आम्हाला जेमतेम वीस मिनिटं पाणी. पाणी सोडणारा मधल्या वाडीतला. तो म्हणे, मी रोज पाऊण तास सोडतो. दोन्ही बाजू देवाची शपथ घ्यायला तयार. बैठकीत बसून हे सुटणार नव्हतं. म्हणून एप्रिलमध्ये मी तीन दिवस पहाटे त्याच्याबरोबर टाकीवर गेलो. त्याच्या हातात व्हॉल्व्हची लांब लोखंडी चावी, मुठीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळलेली. शेवटच्या वाडीची लाइन तो पावणेसहाला उघडी आणि साडेसहाला बंद करी. पूर्ण पाऊण तास. खोटं बोलत नव्हता.

चौथ्या दिवशी मी दुसऱ्या टोकाला, त्या वाडीतल्या शेवटच्या घराच्या नळाशी उभा राहिलो. पावणेसहाला नळ फुसफुसला. सहाला फुसफुसतच होता. सहा वाजून दहा मिनिटांनी लालसर पाण्याची धार आली आणि साडेसहाला गेली. वीस मिनिटं. शेवटची वाडीही खोटं बोलत नव्हती.

पाइप जिथे चढ चढतो तिथे माथ्यावर हवा अडकते. ती बाहेर पडायला एअर व्हॉल्व्ह बसवलेला होता. काही वर्षांपूर्वी रस्ता रुंद करताना तो भरावाखाली गेला आणि कोणाच्या लक्षात आलं नाही. शिवाय मधल्या वाडीत चौदा टिल्लू पंप होते. पहिला एका घराने आजारी म्हातारीसाठी लावला. त्याने शेजारच्या नळाची धार बारीक झाली, म्हणून शेजाऱ्याने लावला. मग त्याच्या शेजाऱ्याने. चौदापैकी एकानेही शेवटच्या वाडीचं पाणी तोडावं म्हणून पंप घेतला नव्हता. प्रत्येकजण आपल्या अलीकडच्या पंपापासून स्वतःला वाचवत होता. अशी चक्रं एकदा सुरू झाली की स्वतःच्याच जोरावर फिरत राहतात. तुमच्या शिबिरात ‘फीडबॅक लूप’ म्हणाले असतील ते हेच.

एअर व्हॉल्व्ह उकरून बदलला. पंप काढायला दीड महिना गेला, त्यातही तीन राहिलेच. शेवटच्या वाडीला पस्तीस-चाळीस मिनिटं पाणी मिळू लागलं. मला वाटलं, मिटलं. बैठकीत एक बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “अकरा वर्षं आम्ही ओरडत होतो तेव्हा हवा दिसली नाय. वकील आले तेव्हा बरी दिसली.”

सभा गप्प झाली. माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या दिवसापासून मी मिनिटं मोजायचं कमी केलं आणि दुसरीच गोष्ट मोजू लागलो: तक्रार तोंडातून निघाल्यापासून चावी ज्याच्या हातात आहे त्याच्यापर्यंत पोचायला किती दिवस लागतात, आणि कोणाची किती लवकर पोचते. त्या गावात वरच्या वाडीची तक्रार त्याच संध्याकाळी पोचत होती. शेवटच्या वाडीची पोचायला अकरा वर्षं लागली. अन्याय पाण्याच्या पाइपात होताच, पण त्याहून जास्त या दुसऱ्या पाइपात होता. तुमचा समझोता दोनदा का मोडला याचं उत्तर मी तिथेच शोधीन. कागदावर पाण्याच्या वेळा लिहिल्या असतील. वेळ चुकली तर त्या दिवशी कोणी कोणाकडे जायचं, हे लिहिलं होतं का?

आता दोषी कोण. या थिअरीचं नाव घेऊन एक पळवाटही काढली जाते, त्यापासून जपा. “सगळं एकमेकांत गुंतलेलं आहे, कोणा एकाचा दोष नाही,” असं म्हटलं की बैठक गोड होते आणि ज्याचं गेलं त्याचं गेलंच. मी कारण आणि जबाबदारी वेगळी धरतो. कारण चौदा पंपांत, भरावात, चढात विखुरलेलं होतं. जबाबदारी तशी विखुरलेली नव्हती. चावी, ग्रामपंचायतीचं दप्तर आणि बैठकीत बोलायची सवय ज्यांच्याकडे होती, त्यांना ही गोष्ट बघता आली असती. त्यांनी पाणी चोरलं नाही, पण बघायलाही गेले नाहीत. हे त्यांच्या तोंडून सभेत वदवून घ्यायला मला दोन महिने लागले, आणि ते झाल्यावरच खरं बोलणं सुरू झालं.

थिअरीची दुसरी अडचण जरा खोलवरची आहे. थॉमस शेलिंग या अर्थतज्ज्ञाने १९७१ साली एक नमुना मांडला. पटावर दोन प्रकारच्या सोंगट्या ठेवायच्या. आपल्यासारखे शेजारी अगदीच कमी नसावेत, एवढीच प्रत्येकीची माफक इच्छा. तशा त्या सरकवत गेलं की थोड्या वेळाने पट दोन वेगळ्या वस्त्यांत फाटतो, जरी तसं कोणालाच नको होतं. शेलिंग यांना २००५ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. नमुना सुंदर आहे आणि टिल्लू पंपांना चपखल बसतो. पण आमच्या कोकणात कुठली वाडी वाऱ्याच्या कोणत्या बाजूला, विहिरीपासून किती लांब, हे सोंगट्यांच्या इच्छेने ठरलेलं नाही. ते ठरवलं गेलं, आणि मोडणाऱ्याला मार बसायचा. आपोआप बसलेली घडी कोणती आणि दडपून बसवलेली कोणती, हे पट बघून कळत नाही. त्यासाठी गावाच्या म्हाताऱ्या माणसांशी, विशेषतः ज्यांना बैठकीला बोलावत नाहीत त्यांच्याशी, बोलावं लागतं.

महाडचं उदाहरण तर आपल्या दारातलं. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली मंजूर झाला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागद तयार होता. तरी तीन वर्षं अस्पृश्यांपैकी कोणी त्या तळ्यावर जाऊ शकलं नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले, त्यानंतर सत्याग्रहींवर हल्ले झाले, आणि कोर्टातली लढाई उच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत म्हणजे १९३७ पर्यंत चालली. आता त्याआधीच्या महाडकडे तंटामुक्तीच्या नजरेने बघा. पाणवठ्यावरून भांडण नाही, अर्ज नाही, पंचायत नाही. एकदम शांत. ही शांतता कशाची होती ते वेगळं सांगायला नको. म्हणून ज्या गावात अजिबात तक्रार नाही तिथे मी आधी दचकतो. २००७ साली तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली तेव्हा मीही उत्साहाने धावलो. तिने पुष्कळ बांधाची भांडणं कोर्टाबाहेर मिटवली, हे खरं. पण तंटा मिटण्याला बक्षीस आलं की तक्रार गिळायला लावण्याचाही मोह येतो, आणि गिळायला कोणाला लावतात ते तुम्हाला माहीत आहे.

वाळीत टाकणं हे याचं टोक. रायगड, रत्नागिरीत अशी प्रकरणं पोलिसांपर्यंत गेली आहेत. बाहेरचा माणूस विचारतो, सगळं गाव इतकं दुष्ट कसं? मी ज्या दोन-तीन गावांत आतून पाहिलं तिथे निम्म्याहून जास्त घरांना तो बहिष्कार मनातून नको होता. पण जो बोलेल तो पुढचा, ही भीती. आणि प्रत्येकाला वाटतं, बाकी सगळे पक्के आहेत. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७८ साली याचा हिशेब मांडला. एखादी गोष्ट करायला आधी किती जणांनी ती केलेली दिसावी लागते, याचा प्रत्येक माणसाचा आकडा वेगळा. कोणाचा शून्य, कोणाचा एक, कोणाचा दहा. शून्यवाला पुढे आला की एकवाला येतो, मग दोनवाला. पण एकवाल्याच्या जागी आणखी एक दोनवालाच असला, तर साखळी पहिल्यावरच थांबते. गाव तेच, माणसं जवळजवळ तीच, आणि निकाल अगदी उलटा.

एका गावात ही साखळी मी डोळ्यांनी पाहिली. वाळीत टाकलेल्या घरी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एक निवृत्त अंगणवाडी सेविका गेल्या. चोरून नाही, भर दुपारी, चांगलं नेसून, रस्त्याने. तिळगूळ घेऊन परत आल्या आणि पाखाडीवर बसलेल्या बायांना तोच वाटला. दोघींनी घेतला. तिसरी “नंतर” म्हणाली. रथसप्तमीपर्यंत त्या घरी सात बाया जाऊन आल्या होत्या, आणि गावकीला आता सात घरांना वाळीत टाकणं परवडणारं नव्हतं. पण हे घडलं त्याला आधार होता. त्या घराने त्याआधी पोलिसांत तक्रार दिली होती. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा ३ जुलै २०१७ पासून लागू आहे, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. कायद्याने गावकीचा हात थबकला, आणि त्या थबकलेल्या वेळात तिळगूळ फिरला. एकट्या तिळगुळाने काही झालं नसतं. एकट्या केसनेही दुरावा वाढला असता, असं माझं मत आहे.

गाव स्वतःचे नियम स्वतः नीट चालवूच शकत नाही, असं मात्र मी म्हणत नाही. मालवणकडे रापण ओढताना कधी उभ्या राहा. होडी जाळं टाकत समुद्रात अर्धवर्तुळ मारून येते आणि किनाऱ्यावर दोन टोकांचे दोर दोन रांगा ओढतात. एक बाजू ढिली पडली की दुसऱ्या बाजूच्या हाताला ते त्याच क्षणी कळतं. ओरड होते, शिवी पडते, दोर ताणला जातो. इथे तक्रार पोचायला एक श्वासही लागत नाही, कारण सगळे एकच दोर धरून आहेत, आणि वाटणी तिथेच वाळूवर सगळ्यांसमोर होते. सामाईक गोष्टीची माणसं नासाडीच करतात, असं गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली ठासून लिहिलं होतं. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरच्या मच्छीमारांचे, पाटकऱ्यांचे, कुरणवाल्यांचे दाखले गोळा करून ते खोडलं, आणि २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. त्यांनी सांगितलेल्या अटींतल्या माझ्या उपयोगी पडलेल्या अशा: नियम पाळणाऱ्यांनाच तो बदलता यावा, देखरेख आपल्यातल्याच कोणी करावी, दंड आधी लहान आणि मग वाढता असावा, भांडण लगेच आणि स्वस्तात ऐकलं जावं. रापणकराला हे शिबिरात शिकवावं लागत नाही.

पण रापणीचा दोर क्षितिजावरच्या पर्ससीन नौकेपर्यंत, म्हणजे मोठ्या जाळ्याने अख्खा थवा वेढणाऱ्या यांत्रिक नौकेपर्यंत, पोचत नाही. तिथे किनाऱ्यावरची शिवी कोणाला ऐकू जाणार? त्यासाठी १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा लागतो, पर्ससीनवर निर्बंध घालणारा ५ फेब्रुवारी २०१६ चा आदेश लागतो, बारा सागरी मैलांच्या हद्दीत गस्त लागते. आणि गस्त नसली की पारंपरिक मच्छीमार नौका अडवतात, मग गुन्हे त्यांच्यावरच दाखल होतात. काही भांडणं गावात मिटत नाहीत कारण ती गावातली नसतातच. तुमच्या पाण्याचं तसं नाही, हे तुमचं नशीब.

आता तुमच्यापुरतं. पालखी आणि पाणी यांची गाठ आधी सोडवा. दोन्ही एका बैठकीत आणू नका. पालखीच्या मानाचा प्रश्न वर्षातून एकदाच येतो, म्हणजे चूक सुधारायची संधीही वर्षातून एकदाच. पाणी रोज येतं. रोजच्या गोष्टीत विश्वास परत यायला शंभर संधी असतात. पालखी या शिमग्यात नाही गेली तरी चालेल, घाईने नेली आणि सहाणेवर, म्हणजे पालखी बसते त्या ओट्यावर, वाजलं तर तुमची पाच वर्षं गेली.

‘कायमचा तोडगा’ हा शब्द कागदातून काढा. तीन महिन्यांचा करार करा, जानेवारी ते मार्च, आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी पुन्हा बसायचं असं त्यातच लिहा. मोडला तर मोडला म्हणून रडायचं नाही, कुठे मोडला ते बघायचं. चावी एक महिना खालच्या वाडीकडे, एक महिना दुसऱ्या वाडीकडे द्या. ज्याला हवेची पंचवीस मिनिटं स्वतः मोजावी लागतात त्याची भाषा बदलते, हे मी पाहिलंय. वेळ फळ्यावर, शाळेच्या भिंतीवर, रोज खडूने. आणि बैठक रात्री साडेनऊला देवळात घेऊ नका. पाणी भरणाऱ्या बाया तेव्हा येत नाहीत, आल्या तरी पायरीखाली उभ्या राहतात. दुपारी तीनला शाळेत घ्या.

मुंबई मंडळाबद्दल माझं मत थोडं तिखट आहे, चाकरमानी माफ करोत. विरारला बसून व्हॉट्सॲपवर ‘माघार घ्यायची नाही’ म्हणणाऱ्याला दुसऱ्या दिवशी त्या वाटेने दूध घालायला जायचं नसतं. त्याला भांडणाची किंमत मोजावी लागत नाही, म्हणून त्याचा आवाज मोठा. त्याला गप्प बसवू नका, तो पैसे पाठवतो आणि गावाची त्याला खरी ओढही असते. फक्त फळ्याचा फोटो रोज दोन्ही ग्रुपवर टाका. अफवेला जागा कमी राहते.

एका गोष्टीत मात्र मध्यस्थी करूच नका. यात मारहाण, जातीवरून अडवणूक किंवा कोणा घराचं येणंजाणं तोडणं असेल, तर ते समितीपुढे ठेवू नका. तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे जा, महिलांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, आणि गरज पडली तर थेट पोलिसांत. बाकी दिवाणी स्वरूपाचं जे उरेल ते लोकअदालतीत नेलं तर तिथल्या निवाड्याला कोर्टाच्या हुकूमनाम्याचं बळ असतं आणि त्यावर अपील नाही, म्हणून तिथे जायच्या आधी खालच्या वाडीची खरी संमती आहे ना, हे चारचौघांत नाही, तर त्यांच्या अंगणात जाऊन विचारा.

आणि घरी गेल्यावर ते दोन जुने समझोते काढून बघा. सरपंच, पोलीस पाटील, समितीचे अध्यक्ष, वाड्यांचे मानकरी, सगळ्यांच्या सह्या असतील. पाणी सोडणाऱ्याची आहे का?